सिस्टरताईंची लस

तुम्हाला सांगते, कोरोनाची लस म्हटलं की मी मागच्या मागंच सरायचे. पोरगी अंगावर पिणारी, तिला दूध बाधलं तर? लस टोचणाऱ्या सिस्टरताई आमच्या भडगावच्याच, म्हणून त्यांनाच विचारलं, "ताई, तुम्ही लिधी का?"

"हो, सकाळीच घेतली," म्हणत त्यांनी लशीच्या बर्फाच्या डब्यावर हात ठेवला.

"डबामा नही ताई, दंडमा लिधी का?"

रांगेतल्या बठ्ठ्या, एकूणएक बाया हसल्या. ताई माझ्या कानात म्हणाल्या, "मलाच भीती वाटते गं. तू हात धर, आधी मी घेते."

दुसऱ्या सिस्टरनं टोचल्याबरोबर ताईंनी माझा हात असा आवळला, की बांगडीच पिचली. त्यांची समजूत काढता काढता माझी लस कधी झाली, कळलंच नाही.

"रडू नका ताई," मी म्हणत होते, "मुंगी चावली, मुंगी!"