जेवण वाढण्याआधी

आजच्या सत्कार आणि निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या व्यापारी संघटनेचे प्रमुख आणि तीन मजली फर्निचरच्या दुकानाचे मालक. प्रमुख पाहुणे, भाऊंची केस शेवटपर्यंत लढवणारे आणि शेवटपर्यंत हरणारे माननीय वकीलसाहेब. आजचे सत्कारमूर्ती, या सभागृहाचे मालक, ज्यांना आपण सगळे भाऊ म्हणतो. आणि मघापासून एकदा घड्याळाकडे नि एकदा मागच्या दाराकडे बघणाऱ्या माझ्या भुकेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना नमस्कार.

सूत्रसंचालकांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली आहे, "मावशी, थोडक्यात." थोडक्यातच बोलणार आहे. मला भाषणाची सवय नाही. मागच्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं काढली, तिथे भट्टीचा आवाज एवढा की ओरडल्याशिवाय कोणाला ऐकू जात नाही. तेव्हा आवाज चढला तर सवयीने चढला असं समजा. रागानेही चढेल, तोही समजून घ्या.

मला बोलायला का सांगितलं, हे मी ओळखून आहे. या हॉलची जुनी स्वयंपाकवाली स्टेजवर येईल, भाऊंचे उपकार सांगेल, दोनदा डोळे पुसेल, टाळ्या पडतील आणि पानं मांडली जातील. असंच ना? मग उपकारापासूनच सुरुवात करते, कारण ते खरे आहेत. माझे यजमान गेले तेव्हा पदरी एक लहान मुलगी आणि हाताला काम नाही. भाऊंनी मागचं स्वयंपाकघर मला चालवायला दिलं. मुलीला पाळणाघरात ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून ती पिठाच्या पोत्यांवर झोपायची आणि शाळेचा अभ्यास भाऊंच्या ऑफिसातल्या टेबलावर करायची. भागाकार तिला भाऊंनी शिकवला. माझ्याने जमला नसता. हे मी कुठेही सांगेन, कोर्टातही सांगितलं.

आता बाकीचं.

माझ्याआधी पाच वक्ते बोलले. प्रत्येकजण म्हणाला, भाऊंनी तत्त्वासाठी चालत्या धंद्यावर पाणी सोडलं. कुठलं तत्त्व, ते एकानेही सांगितलं नाही. "ते प्रकरण" म्हणे. "तो दुर्दैवी प्रसंग" म्हणे. अहो, ते प्रकरण म्हणजे माझी मुलगी! तिचं नाव घ्यायला तुमची जीभ का अडखळते? याच हॉलमध्ये तिच्या हातचं पाणी प्यायला आहात सगळे.

तर नवीन मंडळींसाठी सांगते. माझ्या मुलीने लग्न ठरवलं. मुलगा कोण? आमचे मुख्य आचारी, ज्यांना आम्ही वस्ताद म्हणतो, त्यांचा मुलगा. वस्तादांचा धर्म वेगळा, आमचा आणि भाऊंचा धर्म एक. दोन्ही मुलं त्याच स्वयंपाकघरात वाढली, याच खुर्च्या मांडून मोठी झाली. मला आधी धक्का बसला का? बसला. वस्तादांनाही बसला. आम्ही दोघं एक दिवस एकमेकांशी फक्त मीठ-तिखटाचं बोललो. मग वस्ताद म्हणाले, "मावशी, पोरगी वाईट आहे का?" मी म्हटलं, "नाही. पोरगा?" ते म्हणाले, "आळशी आहे, पण वाईट नाही." झालं, आमच्याकडून ठरलं.

मुलगी म्हणाली, लग्न इथेच करायचं, आणि ओळखीवर नाही. बाकीच्यांसारखा इसार देऊन, पावती घेऊन. आम्ही तिघं ऑफिसात गेलो. भाऊंना कोण आनंद झाला! खुर्चीतून उठले, तिच्या पाठीवर थाप मारली, वही उघडली, तारीख लिहिली, मुलीचं नाव लिहिलं. मग विचारलं, "आणि जावईबापू कोण आमचे?" तिने दाराशी उभ्या असलेल्या वस्तादांच्या मुलाकडे बोट दाखवलं. भाऊंनी पेनाचं टोपण लावलं.

"हे माझ्या हातून होणार नाही," म्हणाले. "दुसरा कोणीही मुलगा आण, हॉल फुकट देतो."

माझी मुलगी म्हणाली, "भाऊकाका, मला हॉल फुकट नको होता. मला मुलगा हाच हवा होता."

त्या मुलाने काय केलं सांगू? जाताना बाहेरच्या दोन खुर्च्या वाकड्या होत्या, त्या सरळ करून गेला. सवयीने हो. मला ते बघवलं नाही.

अध्यक्षमहाराज, घंटी वाजवू नका. मागे माझ्या हाताखाली मोठमोठी पातेली पडतात, त्या आवाजाने मी दचकत नाही.

भाऊ खोटं बोलत नव्हते, हेही सांगते. भाऊ श्रद्धावान आहेत. प्रार्थनेशिवाय घास तोंडात घालत नाहीत. नंतर एकदा मागे येऊन मला म्हणाले, "मावशी, माझ्या छताखाली हे झालं तर वर गेल्यावर मला जाब द्यावा लागेल." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझा विश्वास बसला त्यांच्यावर. पण मी म्हटलं, "भाऊ, वर जाब तुम्ही द्यायचा, मग त्याची भरपाई माझ्या मुलीने का करायची?" ते उठून ऑफिसात गेले. आज मानाच्या खुर्चीत बसले आहेत.

तुमच्या घरी तुम्ही कोणाला घ्यावं, कोणाला दारातून परत पाठवावं, मला घेणंदेणं नाही. तुमच्या घरी मला नको म्हणालात तर मी एक शब्द बोलणार नाही. पण हे घर आहे का? रस्त्यावर एवढी मोठी पाटी कोणी लावली, "सर्व समारंभांसाठी भाड्याने मिळेल"? सर्व म्हणजे कोण? वस्तादांच्या धर्माची लग्नं इथे झाली नाहीत का? त्यांचं भाडं चाललं! तिसऱ्यांदा बोहल्यावर चढणारे एक गृहस्थ इथे उभे राहिले, पहिल्या दोघींना पोटगी न देता, तेही चाललं. नाव घेत नाही, व्यासपीठावर बसले आहेत. दारू कंपनीची वार्षिक पार्टी चालली, त्या रात्री फरशी आम्ही धुतली. तेव्हा श्रद्धा काय सुट्टीवर गेली होती?

किराणावाले दादा मघाशी म्हणाले, "आज भाऊंवर वेळ आली, उद्या आमच्या दुकानात कोणीही शिरेल." शिरू दे की! दुकान आहे ते. कोणी शिरलंच नाही तर खाल काय?

मुलीने तक्रार केली. मी तिला म्हटलं होतं, सोड, दुसरा हॉल बघू. ती म्हणाली, "आई, आज दुसरा हॉल, उद्या दुसरं दुकान, परवा दुसरं गाव. आपणच का सरकत राहायचं?" कायदा सरळ होता. सगळ्यांसाठी उघडलेल्या धंद्यात धर्म बघून गिऱ्हाईक नाकारता येत नाही, आपली श्रद्धा पुढे केली तरी नाही. कोर्टाने दंड केला आणि सांगितलं, ठरल्या तारखेला हॉल द्या. ती तारीख परवाची आहे.

दंड तुम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून भरलात. मग वकीलसाहेबांनी डोकं चालवलं. हॉल कोणालाच दिला नाही तर कोणालाच नाकारला असं होत नाही. म्हणून परवाच्या आधी, आजचा हा शेवटचा समारंभ. उद्यापासून कुलूप. आणि भाऊंच्या या त्यागाचं पुढे काय होणार, ते निमंत्रणपत्रिकेवर छापायचं राहिलं म्हणून मी सांगते. इथे आपल्या अध्यक्षांच्या फर्निचरचं गोदाम होणार आहे. तत्त्वाचं तत्त्व राहिलं आणि सोफ्यांना जागाही झाली. अध्यक्षमहाराज, अभिनंदन!

ही बातमी आली तेव्हा माझी मुलगी दोन दिवस निकालाचा कागद उघडत नि घडी घालत बसली. केस जिंकून हरलेलं माणूस कसं दिसतं, ते मी तेव्हा पाहिलं. लग्न कुठेही होईल हो, ऑफिसात सह्या केल्या की झालं. पण जिथे भागाकार शिकली तिथून तिला हाकललं होतं, आणि निदान एकदा तिथे मान ताठ करून उभं राहायचं होतं. तेवढंच मागत होती पोरगी. तेवढंही तुम्हाला देववलं नाही.

आणि मग तुमच्या संघटनेने आजच्या जेवणाची ऑर्डर कोणाला द्यावी? मला! म्हणे, "भाऊंना मावशींच्याच हातचं आवडतं." धन्य आहे तुमची. मी ही ऑर्डर मागे स्वयंपाकघरात सांगितली तेव्हा वस्तादांनी झारा खाली ठेवला. म्हणाले, "मावशी, माझीही श्रद्धा आहे. ज्यांनी माझ्या पोराला दारातून परत पाठवलं, त्यांच्या धर्माच्या एकाही माणसासाठी मी आता भट्टी पेटवणार नाही." सगळे कामगार त्यांच्या मागे उभे राहिले. खरं सांगते, माझ्याही मनात तेच होतं. बसा म्हणावं उपाशी, रिकाम्या ताटात तत्त्व वाढून घ्या!

पण विचारून घ्यावं म्हणून मुलीच्या वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मावशी, भाऊ या एका माणसावर राग असेल आणि त्याच्यासाठी काम करायचं नसेल, तर नका करू. पण त्यांच्या धर्माचे आहेत म्हणून कोणालाच जेवण देणार नाही म्हणालात, तर तुम्ही आणि भाऊ एकाच पिंजऱ्यात उभे राहाल." मी म्हटलं, "हा कायदा त्यांच्याही बाजूने आहे?" त्या म्हणाल्या, "सगळ्यांच्याच."

ऐकलंत? ज्या कायद्याला पाच वक्त्यांनी इथे उभं राहून शिव्या घातल्या, त्याने तुमचं आजचं जेवण वाचवलं. वस्ताद पुटपुटत उठले आणि त्यांनी भट्टी पेटवली. टाळ्या नकोत, अजून संपलेलं नाही.

मला स्टेजवर बोलावताना दोनदा पुकारावं लागलं, त्याबद्दल क्षमा असावी. मी मागे कामात होते. काम असं की, मागचं स्वयंपाकघर मी भाऊंकडून वेगळ्या करारावर भाड्याने घेतलेलं आहे आणि तो करार महिनाअखेरपर्यंत आहे. वकीलसाहेब, मान हलवा, करार तुम्हीच केला होता. तिथे काय करायचं, कोणाला बोलवायचं, ते मी ठरवते. लग्नाची नोटीस आधीच दिलेली होती, आज मी विवाह नोंदणी अधिकाऱ्यांना बोलावलं होतं. अध्यक्षमहाराज इथे "आपली संस्कृती" या विषयावर बोलत होते, तेव्हा पिठाच्या पोत्यांशेजारी माझ्या मुलीने सही केली. मुलाने केली. साक्षीदार तीन: वस्ताद, मी आणि आमचा वाढपी. भांडी घासणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या तुम्हाला इथे ऐकू आल्या, आणि अध्यक्षांना वाटलं त्यांच्यासाठीच आहेत.

भाऊ, बसा. उभे राहू नका, अजून माझं बोलणं चालू आहे.

मुलगी आधी तयार नव्हती. म्हणाली, "आई, मला मागच्या दाराने लग्न करायचं नाही." मी म्हटलं, "लग्न मागे कर. बाहेर कुठल्या दाराने यायचं ते मी बघते." आता ती दोघं समोरून, हॉलच्या मोठ्या दारातून आत येतील आणि पहिल्या टेबलावर बसतील. भाऊंची खुर्ची त्याच टेबलावर आहे. ती मी हलवलेली नाही.

आणि आज बिल लावणार नाही. मुलीच्या लग्नाचं जेवण कोणी विकत नाही. संघटनेने दिलेला इसार खजिनदारांच्या खिशात परत गेला आहे, चाचपून बघा. म्हणजे या घटकेपासून तुम्ही माझे गिऱ्हाईक नाही, पाहुणे आहात. गिऱ्हाईकाला नाही म्हणायची मला सोय नव्हती. पाहुण्याला मात्र यजमानाला नाही म्हणायची पूर्ण मोकळीक असते. ज्यांच्या श्रद्धेला हे जेवण चालणार नाही, त्यांनी खुशाल उठून जावं. कोणी अडवणार नाही, कोणी कोर्टात खेचणार नाही. आम्हाला घालवलंत तसं तुम्हाला कोणी घालवत नाही. जायचं ते तुमचं तुम्ही, स्वतःच्या पायांनी जायचं.

अध्यक्षांनी, पाहुण्यांनी आणि आपण सर्वांनी माझं हे लांबलेलं बोलणं उपाशीपोटी ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर एका आईचं बोलणं म्हणून पोटात घाला. भाऊ, तुमची माफी मी मागत नाही. तुम्ही शिकवलेली पोर दारात उभी आहे. तिच्याकडे एकदा बघा, आणि मग उठायचं की बसायचं ते ठरवा.

वस्ताद, वाढायला घ्या.