शेवटचं नाव

(वेल्सच्या एका कोळसा-खोऱ्यातलं घर. टीव्हीसमोर म्हातारी ग्लॅडिस, तिचा मुलगा एमरिस आणि शेजारीण ओल्वेन.)

ओल्वेन : ...पण किटली लावायला काय हरकत आहे? घसा कोरडा पडलाय माझा.

ग्लॅडिस : एमरिसचं नाव पडद्यावरून गेल्याशिवाय या घरात चहा होत नाही. चाळीस वर्षांत झालेला नाही. चष्मा घाल तू.

ओल्वेन : घातलाय बाई. एरवी मी चष्मा शोधेपर्यंत तुझ्या लेकाचं नाव निघून जातं. आज त्याचा निवृत्तीआधीचा शेवटचा कार्यक्रम म्हणून मुद्दाम आले. नाहीतर माझ्या लेकाचं, आयव्हरचं नाव बघ, दुकानावर रात्रंदिवस आहे. ‘आयव्हर प्यू, खाटीक.’ वादळातसुद्धा हलत नाही.

एमरिस : त्याच्या सॉसेजला तोड नाही, ओल्वेन मावशी.

ओल्वेन : गोड बोलू नकोस. तू नेमकं काय करतोस, ते मला अजून कळलेलं नाही. कॅमेरा दुसऱ्याचा, बोलणारा तिसराच.

ग्लॅडिस : याचे बाबाही हेच विचारायचे. मग तो पूर आला. स्टुडिओत पाणी शिरलं, तरी यानं कार्यक्रम बंद होऊ दिला नाही. कुठला पूल गेला, कुठला रस्ता उरला, सगळ्या खोऱ्याला कळत राहिलं. दुसऱ्या दिवशी बाबा खाणीवर सांगत सुटले, ‘माझा पोरगा निर्माता आहे!’ अर्थ त्यांनाही माहीत नव्हता.

एमरिस : आई, नावं यायच्या आधी मला एक सांगायचंय.

ग्लॅडिस : नंतर. ती घोडी बघ, थेट तुझ्या बाबांची डचेस! कोळशाच्या गाड्या ओढून खाणीतून वर आली की अशीच डोळे मिटून उभी राहायची.

ओल्वेन : आणि तो म्हातारा रडतोय गं. त्याला कुणी काही विचारतसुद्धा नाही.

एमरिस : तिथं विचारायचं नसतं. बहुतेकांना ते जमत नाही. सीअन न विचारता थांबली.

ग्लॅडिस : कोण सीअन?

एमरिस : माझी सहाय्यक. तेच तर सांगतोय, आई...

ग्लॅडिस : शू! नावं आली! ओल्वेन, बघ... अरे, हे काय? चित्र आक्रसलं!

एमरिस : हल्ली नावं अशीच कोपऱ्यात ढकलतात आणि पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात लावतात. मी खूप भांडलो. हरलो.

ग्लॅडिस : मुंगीएवढी अक्षरं! वाच तू. मोठ्यानं.

एमरिस : कॅमेरा, ह्यू बोवेन. ध्वनी, मेग ट्रेहर्न. निर्माती, सीअन लुईस.

ग्लॅडिस : आणि?

एमरिस : संपलं.

ओल्वेन : म्हणजे? चष्मा घातलेला फुकट?

ग्लॅडिस : तुझं नाव कुणी काढलं? शेवटच्या कार्यक्रमाला? दे तो फोन इकडे!

एमरिस : मीच काढलं. ही माणसं तिनं शोधली, तिनंच बोलती केली. मी नुसता मागे बसून ‘घाई नको’ म्हणत होतो. आई, माझं नाव तू पहिल्यांदा पाहिलंस, तो चॅपलच्या गायकांचा कार्यक्रम आठवतो?

ग्लॅडिस : विसरेन का? तुझे बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

एमरिस : तो आमचे जुने निर्माते प्रॉसरसाहेब, त्यांचा होता. त्यांचं शेवटचं काम. त्यांनी स्वतःचं नाव काढून माझं घातलं. आमच्याकडे कुणी कुणी असं करून जातं.

ग्लॅडिस : इतक्या वर्षांत बोलला नाहीस कधी.

एमरिस : बाबा उभे राहिले होते ना.

ओल्वेन : हे मात्र आमच्या आयव्हरला जमायचं नाही हं. पाटी उतरव म्हटलं तर जीव जाईल त्याचा.

ग्लॅडिस : ऐकलंस? लिहून ठेवायला हवं हे.

ओल्वेन : चढू नकोस फार. किटली लावू का आता?

ग्लॅडिस : थांब जरा. एमरिस, त्या सीअनला आई आहे?

एमरिस : आहे. स्वान्सीला असते.

ग्लॅडिस : माझ्याएवढी?

एमरिस : जवळजवळ.

ग्लॅडिस : मग तिला कुठली दिसलीत ती मुंगीएवढी अक्षरं. लाव फोन. लेकीचं नाव आलं होतं म्हणून सांगते.