नाटकातलं रिव्हॉल्व्हर

तुम्हाला हसू येईल, पण परवा नायगावला जुन्या सामानाच्या दुकानात मी रिव्हॉल्व्हर बघून रडले. माझ्या लेकीला, छोटीला घेऊन तिच्यासाठी सायकल बघायला गेले होते. तिने ढिगातून रिव्हॉल्व्हर उचललं आणि माझ्यावरच रोखलं.

"ठेव आधी खाली ते."

दुकानवाला म्हणाला, "ताई, सांभाळून हां. इंग्रजांच्या टायमाचं आहे. शौकीन लोक शोधत येतात."

मी ते तिच्या हातातून काढून घेतलं. मुठीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता, लहानपणी मीच लावलेला.

"भाऊ, हे खोटं आहे. आमच्या गास गावच्या नाटकातलं."

"तुम्हाला काय माहीत?"

"माझे बाबा दर जत्रेला याच्याच गोळीने मरायचे. मी रडायला लागले की पडल्या पडल्या एक डोळा उघडून दाखवायचे."

तो हसला. "मग घेऊन जा, बाबांना द्या. खूश होतील."

बाबा गेले आणि भावाने नाटकाची पेटी भंगारात दिली, हे मी त्याला सांगितलं नाही. बाबांना उचलायला माणसं आली, तेव्हाही मी त्यांच्या डोळ्याकडेच बघत उभी होते.