दोनदा सापडलेली कुऱ्हाड

मी मूळचा बोरगावचा, बाप शेतकरी, मी शिपाई लागलो, आता हवालदार आहो, पेन्शनले पाच महिने राह्यले. ठाण्याचं नाव लिहू नका, पांढुर्ण्याकडचं आहे एवढं पुरे.

काय सांगू तुमाले, अंगाचा तिळपापड होते नुसता! नवा कायदा आला, झडतीचा पहिल्यापासून व्हिडिओ काढा म्हणे. कायदा चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण शिकवलं कसं? एक दिवस हॉलमंदी बसवलं, पडद्यावर कलमा दाखवल्या, समोसे चारले, सही घेतली, झालं. आन् आमची सवय कोणती, का आधी माल शोधाचा, मंग चहाच्या टपरीवरून दोन पंच आणाचे, मंग कागद लिहाचा. वर्सानुवर्सं तसंच केलं, कोनी इचारलं नाही.

तर सावरगावच्या शांताबाईचा नवरा धुऱ्याच्या, म्हंजे शेताच्या बांधाच्या, भांडणात शेजाऱ्यानं मारला. आमी त्या शेजाऱ्याच्या घरी गेलो, कापसाच्या ढिगात हात घातला तं कुऱ्हाड, रक्तासकट! मी खूश. मंग ठाणेदार साहेब म्हणते, अबे व्हिडिओ? घ्या आता! कुऱ्हाड पुन्हा ढिगात खुपसली, पंच उभे केले, मोबाइल चालू केला, आन् मी सरळ जाऊन तिथंच हात घातला, दुसरीकडं पाह्यलं बी नाही. अक्कल गहाण ठेवली होती मी!

जमानतीच्या वक्ताले वकिलानं तोच व्हिडिओ दाखवला. हवालदाराले सपन पडलं होतं का म्हणे, कुऱ्हाड या पोलिसायनंच ठेवली. झाली जमानत. आता तो शांताबाईच्या दारासमोरून बिडी ओढत जाते. आन् ते बाई भर बाजारात मले म्हणे, भाऊ, मारला त्यानं, पण सोडवला तुमी.

आता सोमवारी माही साक्ष आहे. साहेब म्हणून राहिले, व्हिडिओतलाच शोध पहिला होता असं सांगजो, नाही तं पेन्शन अटकन. बायको बी म्हणते, गप राहा, पाच महिने काढा. अरे, काऊन गप राहू? जजसाहेबाले का डोळे नाही?

सांगून टाकीन, जजसाहेब, पहिल्यांदा खरी सापडली, दुसऱ्यांदा आमी नाटक केलं, चूक माही. मानलं तं मानलं. शांताबाई तिथं समोर बसन, आन् तिच्या तोंडाकडं पाहून खोटं बोलाले माही जीभ उचलणार नाही. देव तिले बळ देवो, आन् मले बी.