दोन चित्रं आणि एक लेप

सन्माननीय अध्यक्ष सदाशिवराव, प्रमुख पाहुण्या डॉक्टर मृदुला मॅडम, ज्यांना निरोप द्यायला आपण कुवेंपुनगरच्या या सभागृहात जमलो त्या आपल्या कांचनताई, मंडळाचे सभासद, आणि तिसऱ्या रांगेत बसलेली माझी पत्नी वनजा, सर्वांना माझा नमस्कार.

मी रंगनाथ. शिंपी. तीन पिढ्या मैसुरात गेल्या, तेव्हा बोलण्यात कानडी स्वल्प जास्त येईल, सांभाळून घ्या. पेशंटांच्या घरच्यांतर्फे चार शब्द बोला, असं अध्यक्षांनी सांगितलं होतं. ते मी लिहूनही आणले. पण मघाशी मॅडमनी लेपाचा किस्सा सांगितला, सगळे हसले, वनजाही हसली, आणि माझा कागद निकामी झाला. आता काय बोलावं, मला खरंच उमगत नाही. उशिरा आलेल्यांसाठी तो किस्साच पुन्हा सांगतो.

वनजाला स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशनआधी गाठ लहान व्हावी म्हणून केमोचे सहा डोस ठरले. औषध लागू पडतंय का, हे तपासण्याच्या अभ्यासात, मॅडमच्या हाताखाली यंत्र चालवणाऱ्या कांचनताईंनी तिचं नाव घातलं. हातात धरायचं एकच यंत्र, मधोमध सोनोग्राफी, भोवती बारीक दिवे. मी विचारलं, "ताई, एक चित्र पुरत नाही का?"

त्या म्हणाल्या, "रंगनाथकाका, सोनोग्राफी सांगते गाठ कुठे आहे, केवढी आहे. प्रकाश सांगतो तिला रक्त किती मिळतंय. औषध लागू पडलं, तर कधी कधी गाठ आकसायच्या आधीच रक्त कमी होतं."

"म्हणजे माप एकीकडे, आणि अंगावर कसं बसतं ते दुसरीकडे."

"तसंच म्हणा," त्या म्हणाल्या. उपमा काही त्यांना पटली नव्हती.

तिसऱ्या डोसानंतर दोन्ही चित्रं भांडायला लागली. सोनोग्राफी म्हणे, गाठ लहान झाली. प्रकाश म्हणे, रक्त उलट वाढलंय. कांचनताई चक्रावल्या. मॅडम म्हणाल्या, "हा अभ्यास आहे, यावरून उपचार बदलायचे नाहीत. चौथा डोस ठरल्याप्रमाणे." पण जास्त रक्त दाखवणारा पडद्यावरचा काळा डाग मी पाहिला होता. घरी येऊन वनजाला कानडीतच म्हटलं, "बेड, नको. नको आता. केस गेले, जेवण जात नाही, आणि गुण तर नाहीच."

ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं. पण कांचनताईंना सांगून सोडू. न सांगता जाणं बरं नव्हे."

मंडळी, त्या एवढ्याशा रीतभातीमुळे ती आज इथे बसली आहे.

कांचनताईंनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "मला शेवटचं एकदा बघू द्या." या वेळी त्यांनी आधी तेलाच्या कापसानं कातडी चांगली चोळून पुसली. कापूस काळा झाला. केमोनं कातडी काळवंडते, म्हणून तोवर कुणाला शंका आली नव्हती. "काकू, हे काय लावता?" तो बन्नूरच्या एका माणसाकडचा लेप होता, एरंडेलात खललेली दिव्याची काजळी. वरून धुतला तरी कातडीत मुरलेला. यंत्राचा प्रकाश ती काजळीच गिळत होती, आणि यंत्राला ते वाढलेलं रक्त वाटत होतं. पुसून पाहिल्यावर दोन्ही चित्रं एकच बोलायला लागली. गाठही लहान, रक्तही कमी. चौथा डोस झाला, पुढचे दोन झाले, ऑपरेशन झालं. त्याला दीड वर्ष झालं.

त्या दिवशी मॅडमनी विचारलं होतं, "कुणी आणला हा लेप?" वनजानं माझ्याकडे पाहिलं. मी यंत्राकडे पाहत होतो. ती म्हणाली, "मीच."

लेप मी आणला होता. दुसऱ्या डोसानंतर, बसनं दोनदा बन्नूरला जाऊन. तिला वास सहन होत नव्हता, तरी मीच लावायचो. नंतर दुकानात लोक थट्टा करायचे, "काय रंगनाथ, बायकोनं यंत्राला फसवलं म्हणे?" मी म्हणायचो, "काय करणार, बायकांना समजावणार कोण?" हे शब्द माझे आहेत. ती मला सांभाळत होती की मी कधी तोंड उघडतो ते बघत होती? दीड वर्षात विचारायचं धैर्य झालं नाही. आणि आजच का बोलतोय, तेही मला कळत नाही. ती हसली, ते पाहवलं नाही, एवढंच.

कांचनताई, तुम्ही परवा नागपूरला निघणार. उपचार सोडायला आलेल्या आम्हा दोघांवर तुम्ही रागावला नाहीत, कापूस घेतलात. याचे आभार कोणत्या भाषेत मानू? मृदुला मॅडम, नव्या पेशंटांना हा किस्सा जरूर सांगा. फक्त नाव माझं घाला.

अध्यक्षमहाराज, वेळ जास्त घेतला, प्रसंगाचं भान सुटलं, सभेनं ते पोटात घालावं. दुसरी चूक जिच्या बाबतीत केली, तिचीच माफी मागतो. वनजा हात हलवते आहे. माफ केलं म्हणते आहे की पुरे, बसा म्हणते आहे, ते इथून काही कळत नाही. बसतो.