कोट थांबेल

नाही काकू, नंबर तुमचाच आधीचा, मी कुठे नाही म्हणतेय — पण आमच्याकडे नंबराने धूत नाहीत. चिठ्ठी देतो ती आपली गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. आता हा शर्ट बघा, चहा सांडलाय, अजून ओला आहे — आत्ता घेतला तर हात फिरवला की निघेल. दुपारी घेतला तर घासत बसायचं, आणि उद्यावर टाकला तर घासून घासून कापड जाईल, डाग तिथेच. डागाचं टेबल एकच. तुमच्या कोटावर काय आहे — धूळ. धूळ आज झटका नाहीतर पुढच्या महिन्यात, कष्ट तेवढेच. म्हणून कोट मागे. नाही हो, माझं कसलं डोकं, आमच्या ह्यांचं. नुसतं बोट फिरवून सांगतात, हा थांबेल, हा नाही थांबणार. मला बघायला आले तेव्हाही तसंच पाहिलं असणार — गप्प बसलीय, ही थांबेल.

जपून, बॅगेला पाय लागेल. गिऱ्हाइकाची आहे ती. राहू द्या तिथेच.

फोनकडे का बघतेय सारखी? भावाचा येतो ह्या वेळेला. वडिलांशी बोलायला — बोलायला म्हणजे काय, त्यांची जीभ थकत चाललीय. लग्नानंतर थोड्याच दिवसांत सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, हे मागे फिरणारं दुखणं नाही, जे काय बोलून घ्यायचं ते बोलून घ्या. तेव्हा नुसता शब्द जड यायचा — सगळं बोलायचे, सासरी इस्त्री नीट करतेस ना, आमच्या चादरी जाळल्यास तशा जाळू नकोस, वगैरे. मी ह्यांना म्हटलं, जाऊन येते. हे म्हणाले, जा की, कोण अडवतंय, एवढी गर्दी सरू दे, ते कुठे पळून जातायत. खरंच होतं ते — गर्दी होती, सासऱ्यांचा हात दुखत होता, आणि मी नवीन. मग दर रविवारी पुढचा रविवार. हे वाईट नाहीत हो. माझ्यासाठी खुर्ची आणली बसायला, ही काय. फक्त माझ्या वडिलांना त्यांनी धुळीच्या कपड्यांत टाकलं — हे थांबतील म्हणून. एवढा जाणकार माणूस, काकू — आयुष्यात एकदाच चुकला म्हणायचा.

आता एक वाक्य यायला अख्खा फोन जातो. परवा ‘जेवलीस’ एवढंच आलं, आणि त्यानेच दमले. मला ते ठके म्हणायचे. लहानपणापासून. इथे कोणाला माहीत नाही ते, इथे मी सूनबाई. तर त्यांचं ते ‘ठ’वरच अडतं. भाऊ म्हणतो, बाबा, राहू दे, तिला कळलं — पण ते सोडत नाहीत, चिकाटी बघा. आणि मी इकडे फोन कानाला लावून शर्टावर ब्रश फिरवत असते, कारण डाग वाळतो ना.

माझीच आहे ती बॅग. गिऱ्हाईक कसलं — हँडलला बांगडीचा ओरखडा दिसतोय तो माझाच. भरते, मग लागेल तसं एकेक काढून घालते, रविवार आला की परत भरते. आजही हे म्हणाले, संध्याकाळी ठरवू.

आला बघा. थांबा हं — नाही, बोलू नका. त्यांना वेळ लागतो.

हं, बाबा. मीच. हो, ऐकतेय ना. सावकाश. घाई नाही — कोणी नाही दुकानात, तुम्ही बोला.

हो.

हो, बाबा.

...

ठेवला. भावाने ठेवला. म्हणाला, आज नुसतं तोंड हलतंय, ताई, आवाज —

काकू, तो शर्ट द्या इकडे. नाही, धुवायला नाही, बाजूला ठेवायला. वाळू दे. ती बॅगही द्या जरा. आणि तुमचा कोट घेऊन जा घरी, काही होत नाही त्याला. मला शटर ओढायचंय. वाकून जा.