एका नंबराच्या दोन ट्रॉल्या

(आरटीओ ऑफिसबाहेर, झाडाखाली गुंडू एजंटचं टेबल. दुपार. सयाजी उभाच आहे.)

गुंडू : आधी बस तरी. उभ्या उभ्या काय बोलायचं?

सयाजी : बसाय आलो न्हाई. माझ्या ट्रॉलीवरचा नंबर कुणाचा हाय, तेवढं सांग.

गुंडू : तुझाच की. आणि कुणाचा असणार?

सयाजी : काल ऊस भरून कारखान्याच्या काट्यावर गेलतो. गेटावरचा क्लार्क म्हणला, ही ट्रॉली आत्ताच खाली झालीया, परत भरून कशी आली? म्हणलं, मशीन बिघडलं असंल. तर त्यानं बोट करून दावलं. बाहेर जायच्या लायनीत रिकामी ट्रॉली उभी. तिच्यावर माझाच नंबर. पुढं ट्रॅक्टरवर कोण बसलंतं, ठावं हाय?

गुंडू : कोण?

सयाजी : तुझा मेव्हणा. मलकापूरचा केरबा.

गुंडू : त्यो तिकडं कशाला आला? त्यो तर दुसऱ्या कारखान्याला ऊस घालतोय.

सयाजी : म्हंजे तुला सगळं ठावं हुतं.

गुंडू : तसं न्हवं रे सयाजी...

सयाजी : केरबानं खिशातनं ट्रॉलीचं आरसी बुक काढून दावलं. नंबर त्याचा, नाव त्याचं, सगळं खरं. माझ्याकडं दावाय काय हुतं? बुक तुझ्याकडं. पासिंगला लागतंय, माझ्याकडंच ऱ्हाऊ दे, म्हणलातास. लायनीतली समदी माणसं चोराकडं बघावं तशी माझ्याकडं बघाय लागली.

गुंडू : हळू बोल, गिऱ्हाइकं हाईत. ऐक. त्याच टायमाला केरबाची बी नवी ट्रॉली आली. बायको मागं लागली, माझ्या भावाचं आधी करा. तुझी फी तिकडं वळवली, आन् तवर त्याचाच नंबर तुझ्या ट्रॉलीवर घातला. तुझं पुढच्या म्हैन्यात करणार हुतो, आईशपथ. पण उशिराचा दंड बसला. त्यात फी वाढली. ट्रॅक्टरचं येगळं, ट्रॉलीचं येगळं, पासिंग, टॅक्स. जितका थांबलो तितकं वाढतच गेलं. सिस्टीमच अशी हाय, माणूस काय करणार?

सयाजी : सिस्टीमला शिव्या म्या बी घातल्या. जिला इंजिन न्हाई, जी सोताहून हलत न्हाई, तिला कशाची एवढी फी, म्हणून ह्याच टेबलावर डोस्कं फोडलं. पण दिली का न्हाई? पोटाला चिमटा घिऊन दिली.

गुंडू : दिलीस. मी कुठं न्हाई म्हणतोय?

सयाजी : पावती मागितली तर हसलास. म्हणलास, एका तालमीतली माती लागलीया अंगाला, आपल्यात पावती कसली? माझीच मला लाज वाटली. नंबर बी तूच रंगवलास. तुझं अक्षर चांगलं, म्हणून म्या ब्रश तुझ्या हातात दिला. पूजेला माझ्या बायकूनं, पूर्णिमानं, ट्रॉलीच्या आधी तुला ओवाळलं, गुंडू. दुसऱ्याचा नंबर माझ्या दारात लिवून तू ओवाळून घेतलंस.

गुंडू : वहिनीला सांगितलंस?

सयाजी : काट्यावर लई गर्दी हाय म्हणलं. खरं सांगाय जीभ रेटंना.

गुंडू : आणि कारखान्यात?

सयाजी : साहेबानं इचारलं, नंबर कुणी घातला? तुझं नाव तोंडाशी आलतं. गिळलं. ट्रॉलीचं खरं पासिंग झाल्याबिगर आत घेत न्हाईत. ह्या आठवड्यात न्हाई झालं, तर वाहतुकीचा करार मोडणार. मग सीझनभर ट्रॅक्टर दारात. भरलेला ऊस तिथंच वाळाय लागलाय.

गुंडू : एवढंच न्हवं? आण कागद, आत्ता फाईल घालतो. फी, दंड, समदं माझ्या खिशातनं. पाया पडतो तुझ्या, पण असा परक्यागत उभा ऱ्हाऊ नगंस.

सयाजी : कागद दिलं.

गुंडू : कुणाला?

सयाजी : त्या पलीकडच्या टेबलाला.

गुंडू : त्याला? त्यो तुला वळखत तरी हाय का? पावणं म्हणून हाक मारली असंल त्यानं.

सयाजी : व्हय, पावणंच म्हणला. आणि न मागता पावती दिली.